विमानाच्या नाकात झेंडू

विमानाचं इंजिन सगळ्यात जास्त तापतं ते जमिनीवर उभं असताना, हे आमच्या गावात अजून कुणाला पटलेलं नाही. वर गेल्यावर तापत असेल, सूर्य जवळ येतो म्हणून, असं लोक म्हणतात. मी कुणाला समजावत बसत नाही. एक तर मला चार माणसांत बोलता येत नाही. दुसरं, आमचं विमान अजून वर गेलेलंच नाही, त्यामुळे सूर्याचं मी काय सांगणार.

आमच्या ह्यांचं गेवराईच्या रस्त्याला दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतात. दुकान बंद करून आले की शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचे आणि विमान करायचे. दुसऱ्याचा नवरा पत्ते खेळतो, माझा विमान करतो, असं मी मनाशी धरलं होतं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेलं कापड, दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढी जागा, आणि पुढे जुनं दोन सिलिंडरचं इंजिन. परवानगीचे कागद वर गेलेत. ते येईपर्यंत चाक जमिनीवरून उचलायचं नाही, अशी शपथ मी ह्यांना नारायणगडाकडे तोंड करून घ्यायला लावली आहे. म्हणून विमानाच्या शेपटाला दोर, दोराला लिंबाचं झाड, आणि जे काय चालवायचं ते जागच्या जागी.

या इंजिनात पाणी नाही. मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून बारीक बारीक पाती असतात, तशी त्याच्या सिलिंडरांना असतात. विमानाच्या तोंडाला दोन भोकं, आम्ही त्यांना नाकपुड्या म्हणतो. पंख्याची हवा नाकपुड्यांतून आत येते, त्या पात्यांमधून जाते आणि खालून बाहेर पडते. तेवढंच त्याचं थंड होणं. हवा नीट गेली नाही तर इंजिन तापतं, तापत राहिलं तर आतून जाम होतं, म्हणजे धरतं, आणि एकदा धरलं की ते भंगारात.

किती तापलं ते बघायला दोन काट्यांचं एक मीटर होतं. प्रत्येक सिलिंडरच्या प्लगखाली एक कडी बसवलेली, तिच्यातून निघालेली तार मीटरला जोडलेली. ती तार कापायची नाही आणि जोडून लांबवायची नाही, नाहीतर काटा खोटं बोलतो, असं हे म्हणाले. तार होती आखूड. ती काही ह्यांच्या बाजूला पोचेना. म्हणून मीटर बसलं उजवीकडे, दुसऱ्या माणसाच्या पुढ्यात, आणि दुसरं माणूस शोधायची वेळ आली. ह्यांनी गावातली दोन पोरं बसवून पाहिली. ती मीटर सोडून स्वतःचे फोटो काढत होती. मग हे मला म्हणाले, "तूच बस. तू उगं बडबडत न्हाईस."

काटा कुठवर गेलेला चालतो, तिथे त्यांनी माझ्याच लाल नेलपॉलिशने रेघ मारली. बाटली परत दिली नाही.

इंजिन चालू झालं की कानाला काहीच ऐकू येत नाही, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. काटा चढायला लागला की मी त्यांच्या गुडघ्यावर बोटाने टकटक करायची. रेघेला टेकला की चिमटा. धूळ फार उडायची म्हणून मी पदर नाकातोंडावरून घट्ट बांधून बसायची. हे कानात कापूस घालून समोर बघत बसायचे.

पहिल्या दिवशी इंजिन लागलं आणि मी भीतीने म्हणाले, "आई गं, मला उतरवा." ह्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि आवाज आणखी वाढवला. तेव्हा मला कळलं की इथे कुणालाच काही ऐकू येत नाही. तोंड पदराआड, आवाज इंजिनाआड. मी जरा थांबले आणि म्हणाले, "काल भाजीत मीठ जास्त झालतं ते अक्कांच्या हातून. मी उगं गप बसले." अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ह्यांनी परत मान डोलावली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एका दमात इतकं मी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी मी ह्यांच्या एका बाजूला कमी कातरलेल्या मिशीबद्दल बोलले, माझ्या नेलपॉलिशबद्दल बोलले, आणि शेवटी म्हणाले, "दिवाळीला मी महिनाभर माहेरी राहणार हाय." मान डोलली. पुढे दिवाळीला मी पेटी भरायला घेतली तेव्हा हे म्हणाले, "महिनाभर? हे कवा ठरलं?" मी म्हटलं, "विमानात. तुम्ही हो म्हणालात." त्यांना आठवेना, पण नाही म्हणायची सोय नव्हती, कारण तिथे ते सगळ्यालाच हो म्हणतात.

आता इंजिनाचं. ते तापायचंच. माझ्या बाजूचं सिलिंडर जास्त. हे म्हणायचे, "तुझ्याच बाजूचं कावून तापतंय?" त्याचं उत्तर मी इंजिन चालू असताना दिलेलं आहे.

गावाने हवे तेवढे सल्ले दिले. ओलं पोतं टाका, बर्फ ठेवा, कूलर लावा. ह्यांनी नाकपुड्या कातरून मोठ्या केल्या, तर इंजिन पहिल्यापेक्षा लवकर तापलं. तेव्हा त्यांनी गेवराईहून चाचांना आणलं. चाचा ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करतात. ज्याला रेडिएटरच नाही असं इंजिन त्यांनी सगळीकडून फिरून पाहिलं, पाहुणचाराला जाऊन ताट रिकामं निघावं तसं.

"पाणी न्हाई?"

"न्हाई चाचा. हवेवरच हाय."

"हवा तो आती है," नाकपुडीत हात घालून चाचा म्हणाले, "पण काम नै करती. पाहुणी आल्यावानी येती, चाय पीती, बाजूनं निघून जाती."

होतंही तसंच. हवा पात्यांमधून जायचं सोडून इकडून तिकडून मोकळी निघून जात होती. चाचांनी तेलाचे डबे कापून पत्र्याचे आडोसे केले आणि सिलिंडरांच्या भोवती बसवले, म्हणजे हवेला दुसरी वाटच नको. आडोसा आणि वरचं टोपण यांच्यात फट राहत होती, तिथे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. पहिल्यांदा पट्ट्या बाहेरच्या बाजूला वळवल्या. तर हवेच्या जोराने त्या दुमडायच्या आणि फट परत मोकळी. मग उलट्या, आतल्या बाजूला वळवल्या. आता हवा जेवढा जोर करेल तेवढ्या त्या टोपणाला चिकटून बसायच्या. हे आणि चाचा त्यावरून अर्धा दिवस भांडले. आता दोघेही म्हणतात की ती युक्ती आपली.

तेव्हापासून काटा नेलपॉलिशच्या बोटभर खाली राहायला लागला.

आणि तेवढ्यात कापूस फुटला.

शेड मुळात कापसाचंच. घर एकत्र, आणि शब्द थोरल्या दिरांचा. त्यांना सगळे दादा म्हणतात. मी त्यांच्या समोर डोक्यावरून पदर ढळू देत नाही आणि ह्यांच्याशी बोलतही नाही. घरात तसंच आहे. दादांनी जेवताना सांगितलं, "या साली कापूस शेडात येणार."

हे म्हणाले, "मग विमान कुठं ठिवू?"

"बाहेर."

"उन्हात कापड सडंल दादा. आठ दिवसांत चिंध्या होतील."

"मग इंजिन काढ अन् विहिरीवर बसव. कायतरी कामाचं होईल. तापायचंच असंल तर पाणी वढत तापू दे."

ह्यांचा घास हातातच राहिला. भाकरी वाढता वाढता मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. शेड गेलं तर विमान गेलं, हे त्यांना माहीत होतं. माझंही एक जाणार होतं, पण ते मी कुणाला सांगणार. इतकी वर्षं गप्प राहिल्यावर मला बोलायला एक जागा मिळाली होती, आणि तिथे आता कापूस येणार होता.

अक्काच मध्ये पडल्या. त्यांना माया आली म्हणून नाही, रोजची कटकट नको म्हणून. "एकदा काय ते ठरवा बरं," त्या म्हणाल्या. शेवटी ठरलं असं. खंडेनवमीला शेतातली अवजारं पुजायची, तेव्हाच विमान चालवून दाखवायचं. अक्का चुलीवर चहाचं आधण ठेवतील. चहा होऊन, सगळ्यांचा पिऊन, कप विसळून पालथे पडेपर्यंत इंजिन चाललं आणि रेघेला टेकलं नाही, तर शेड विमानाचं. टेकलं तर कापसाचं.

इथे मला एक सांगायला पाहिजे, जे त्या वेळी फक्त मला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात मी भर दुपारी शेडमध्ये वाळत घातलेल्या मिरच्या आणायला गेले. दारातच थांबले. विमानात दादा बसले होते. टोपी उलटी घातलेली, ह्यांचा चष्मा डोळ्यांवर, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, आणि तोंडाने भर्रर्र चाललं होतं. मध्येच ते डावीकडे कलले, बहुतेक वळण आलं होतं. मी मागच्या पावली बाहेर आले, जोरात खोकले आणि मिरच्यांना हाका मारल्यासारखी काहीतरी पुटपुटत राहिले. थोड्या वेळाने दादा हातात खुरपं घेऊन बाहेर आले.

"शेडात उंदरं लई झालेत," ते म्हणाले.

मी पदर पुढे ओढला आणि मान हलवली.

खंडेनवमीला सकाळीच सगळं मांडलं. कुळव, पाभर, पंप, फवारा, ट्रॅक्टर, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. विमानाच्या तोंडाला अक्कांनी हाताएवढा जाड हार घातला. चाचा वाळूची बादली घेऊन लिंबाखाली बसले, आग लागली तर असावी म्हणून. चालू करायच्या आधी ह्यांनी हार काढला, नारळ उचलला, पंख्यावरचं कुंकू पुसलं आणि मला खूण केली. मी बसले. पदर बांधला. दादा पंख्यापासून लांब, पण अगदी माझ्या समोर हाताची घडी घालून उभे राहिले. अक्कांनी आधण ठेवलं.

इंजिन लागलं. काटे नेहमीसारखे हळूहळू उठले. मी पदराआड नेहमीसारखी सुरू झाले. आधी ह्यांना म्हणाले, "घाबरू नका, तोंड पडलंय तुमचं." मग अक्कांना म्हणाले, "चहा जरा लवकर उकळू द्या." डाव्या बाजूचा काटा आपल्या जागी येऊन बसला. माझ्या बाजूचा बसला नाही. तो चढतच राहिला. नेलपॉलिशच्या बोटभर खाली आला, थांबला नाही. अर्धं बोट राहिलं.

आता गुडघ्यावर टकटक करायची. आणि समोर दादा उभे. थोरल्या दिराच्या डोळ्यांदेखत नवऱ्याच्या गुडघ्यावर बोट कसं ठेवायचं, हा विचार आम्ही खुणा ठरवताना केलाच नव्हता. एरवी शेडपाशी आम्ही दोघंच असायचो. मी खोकले. पदर ओढला. जागची हलले. हे समोर बघत होते, दादांकडे, पोराने मास्तरकडे बघावं तसे. मी ओरडले, "अहो, कमी करा, चढतोय." ह्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

त्या मानेला ती सवय मीच लावून ठेवलेली होती.

काटा रेघेला टेकायला आला. घरातलं विमान जळतंय आणि मी मर्यादा सांभाळतेय, या गोष्टीचा मला इतका राग आला की मी दादांकडे बघून बोलायलाच लागले, होता नव्हता तेवढा जोर लावून. आणि बोलता बोलताच ह्यांच्या गुडघ्याच्या वर असा चिमटा काढला की त्यांनी दोन्ही हातांनी इंजिन बंद केलं.

आवाज एकदम गेला. माझा नाही गेला.

"...अन् तुमी भर दुपारी टोपी उलटी घालून विमानात बसून तोंडानं भर्र भर्र करता तवा?"

पंखा दोन गरके घेऊन थांबला. तापलेला पत्रा टिकटिक करत होता. इंजिन बंद केलं की काटा लगेच उतरत नाही, आधी आणखी थोडा वर जातो आणि मग खाली येतो. माझ्या चेहऱ्याचं तसंच चाललं होतं. मी मीटरवरून नजर उचलली नाही.

आधी अक्का बोलल्या. "कोण भर्र करतंय?"

"चहा उतू चाललाय," दादा म्हणाले.

"जाऊ द्या. मी विचारते, कोण भर्र करतंय?"

चाचा फडकं घेऊन पुढे झाले, त्यांनाही तिथून नजर काढायची होती. त्यांनी टोपण उघडलं, वाकले आणि वास घेतला. माझ्या बाजूच्या सिलिंडरच्या पात्यांवर एक झेंडू बसला होता, भाजून तपकिरी झालेला, पापडासारखा. हवेने त्याला नाकपुडीतून आत नेऊन बरोबर पात्यांच्या तोंडावर दाबून धरलं होतं. दुसरा झेंडू डाव्या नाकपुडीतच अडकलेला, ताजा. चाचांनी दोन्ही तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले.

हे म्हणाले, "मी हार काढलता. सगळा काढलता."

अक्का म्हणाल्या, "मी हारच घातलता. नाकात मी कशाला घालू?"

चाचा म्हणाले, "फुलं चालत जात नै. कुणी तरी घातली."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण एवढं बोलणारी बाई काहीही करू शकते, असं त्यांना त्या घटकेला वाटलं असणार. मी मान हलवली. तोंडातून मात्र शब्द फुटेना. इंजिन बंद होतं ना.

दादांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. सरळ घातली.

"मी घातली," ते म्हणाले. "पहाटं आलतो. अवजारं पुजायची म्हणून. बैलाच्या शिंगाला लावतो, ट्रॅक्टरला लावतो, कुळवाला लावतो. मग ह्यानंच काय घोडं मारलंय? हार तर पंखा फिरला की जाणार. म्हणलं, आत एक एक ठिवावं, कुणाला दिसायचं न्हाई."

हे दादांकडे बघत राहिले.

चाचा हसायला लागले. "ज्यानं शेड मागितलं त्यानंच नाक बंद केलं. दादा, हे तर कोर्टात चालणार नै."

"चाचा, तू गप बे."

अक्कांनी उतू गेलेलं पातेलं उतरवलं, चुलीजवळची राख सारली आणि नवं पाणी ठेवलं. "इंजिनाचा दोष न्हाई, फुलाचा हाय," त्या म्हणाल्या. "परत लावा. अन् लावायच्या आधी नाकात बोट घालून बघा." घरात त्यांचा असा आवाज लागला की दादाही ताटावरून उठायची हिंमत करत नाहीत.

इंजिन निवेपर्यंत थांबलो. चाचांनी प्रत्येक पातं फुंकून साफ केलं. ह्यांनी विमान थोडं फिरवून वाऱ्याकडे तोंड करून परत बांधलं. मी चढायला गेले तर दादा पुढे झाले.

"मीटर मी बघतो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

चाचा म्हणाले, "काटा चढला तर गुडघ्यावर चिमटा काढावा लागतो, दादा."

"काढीन की. सख्खा भाऊ हाय."

ह्यांनी गुडघा चोळला. मी खाली उतरले आणि अक्कांच्या शेजारी पंखाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. इंजिन लागलं. धूळ उडाली. दादांनी टोपी उलटी केली. त्यांची नजर मीटरवरून हलत नव्हती, पण गाल हलत होते. इंजिन स्वतःच एवढं भर्र करत असताना त्यांना वरून आणखी करायची काय गरज होती, मला कळलं नाही. चहा झाला. अक्कांनी मला दिला, चाचांना दिला, स्वतः घेतला. चाचा फुंकर मारून घाईघाईने पीत होते, मला तर जीभच भाजली. अक्का मात्र बशीत ओतून घोट घोट पीत राहिल्या. मी मनात म्हटलं, संपवा की. मनात कसलं, पदर बांधून म्हटलं.

अक्कांनी कप विसळले आणि एक एक करून पालथे घातले. शेवटचा पालथा पडला तेव्हा चाचांनी दोन्ही हात वर केले. ह्यांनी इंजिन हळूहळू कमी केलं, थोडा वेळ तसंच चालू ठेवलं आणि बंद केलं. मी धावत जाऊन मीटर पाहिलं. काटा नेलपॉलिशच्या खाली होता, बोटभर, आपल्या जागी.

"झालं का?" दादा म्हणाले. "मी म्हणत होतो, आणखी जरा चालू दे."

शेड विमानाचं झालं. कापूस दादांच्या पुढच्या खोलीत गेला. छताला टेकला. अक्कांना आता खोलीत जायला आडवं व्हावं लागतं, आणि केसांत कापूस नाही असा त्यांचा एकही दिवस जात नाही. भर्रचा विषय त्या दादांजवळ रोज काढत नाहीत. जेवण आवडलं नाही असं दादा म्हणाले की तेवढं काढतात.

माझी जागा मात्र गेली. मीटर दादाच बघतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. आता चालू करायच्या आधी नाकपुड्यांत बोट घालून बघायचं कामही तेच करतात, दोनदा. मी आणि अक्का पंखाच्या बाजूला उभ्या राहतो, दोर नीट आहे का बघायला. धूळ उडते म्हणून दोघींनी पदर नाकातोंडावरून बांधलेला असतो.

परवा इंजिन जोरात होतं, तेव्हा मी नेहमीसारखी सुरू झाले. सहज बाजूला बघितलं. अक्का समोर दादांकडे बघत होत्या, हात कमरेवर. त्यांचा पदर हलत होता. वारा नव्हता तिकडून. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझा पदर बघितला, आणि दोघीही परत समोर बघायला लागलो.